मालकाचा गेज

"सर, गेज चुकीचा आहे," ती म्हणाली.

संध्याकाळचे पाच वाजले होते. मशिनं थांबली होती. बावीस माणसं लाल टेबलाभोवती उभी होती आणि नोकरी मागायला आलेली एक मुलगी त्यांच्यासमोर माझ्या हातातल्या, माप तपासायच्या गेजकडे बघत हे बोलत होती.

"काय म्हणालात?"

"पीस बरोबर आहे. गेज चुकीचा आहे."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. माझी बायको शालन ऑफिसच्या दारात उभी होती. तिच्याकडे बघितलं तर ती पदराला हात पुसत होती, जणू काही झालंच नाही.

आठ वर्षं झाली त्याला. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत माझा कारखाना आहे. पंपाच्या बॉड्या ओतून येतात, त्यांना आम्ही भोकं पाडून, घासून, मापात आणून देतो. त्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीनं आमच्या तिप्पट काम देऊ केलं. अट एकच. कारखाना सांभाळायला मालकाशिवाय दुसरा एक जबाबदार माणूस हवा. त्यांचा साहेब येऊन म्हणाला, "सुतारसाहेब, उद्या तुम्ही आजारी पडलात तर आमचा माल थांबता कामा नये." महिनाअखेरीला ते बघायला येणार होते. तोवर माणूस खुर्चीत दिसला पाहिजे होता.

मला ते पटत नव्हतं. एकवीस वर्षं मी एकट्यानं चालवला होता. पण शालननं मनावर घेतलं. एरवी ती हजेरी आणि माल पाठवणं बघायची, माणसं घेण्यात कधी पडायची नाही. या वेळी पेपरात जाहिरात तिनंच दिली, अर्ज तिनंच वाचले, तिघांना तिनंच बोलावलं.

"एवढी घाई कशाला? पुणेवाल्यांना दिवाळीनंतर बघू म्हणायचं," मी म्हणालो.

"नको. आत्ताच बघू."

तिची आणखी एक अट होती. ज्याला बोलवायचं त्याला पाच वाजता लाल टेबलापाशी उभं करायचं.

लाल टेबल तिचंच. म्हणजे टेबल साधं लोखंडी, वर लाल रेक्झिन. दिवसभरात बिघडलेला प्रत्येक पीस पाच वाजता त्या टेबलावर यायचा आणि ज्याच्या हातून बिघडला त्यानं स्वतः सांगायचं, काय चुकलं. दुसऱ्यानं बोलायचं नाही. मालकानं ओरडायचं नाही. सुरुवातीला मला हा बायकी प्रकार वाटला होता. पण माणसं खरं बोलायला लागली, म्हणून मी चालू ठेवला.

पहिल्या दिवशी समीर नाडगौडा आले. पुण्यात मोठ्या कंपनीत बारा वर्षं. कपडे, बोलणं, सगळं नीटनेटकं. टेबलापाशी उभे राहिले, पीस हातात घेतले, मोबाइलवर फोटो काढले. मग माझा गेज बघितला.

"हा तुम्ही स्वतः केलाय?"

"कारखाना काढला त्या वर्षी. हातानं घासून."

"कमाल आहे! सर, हे फ्रेम करून ऑफिसात लावायला पाहिजे. तुमची रिजेक्शन तीन महिन्यांत निम्म्यावर आणतो. लिहून देतो."

मला माणूस आवडला. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशीचा गृहस्थ टेबलापर्यंत आलाच नाही. त्याला पावणेपाचची निपाणी गाडी होती.

तिसऱ्या दिवशी रेहाना शिकलगार आली. सांगलीची. वय एकोणतीस, डिप्लोमा, एका कारखान्यात तपासणीचं काम सहा वर्षं. खाली सात माणसं. अर्जात एवढंच. शालननं तिला का बोलावलं हे मला कळलं नव्हतं.

त्या दिवशी टेबलावर पाच पीस होते. त्यातले चार सदा पोवारचे. सदा पहिल्या दिवसापासून माझ्याकडे. बॉडीचं मुख्य भोक त्याच्याकडेच, हात असा की डोळे मिटून पाडेल. पण दोन वर्षांपासून त्याचे पीस लाल टेबलावर वाढले होते. भोक मोठं पडतं, म्हणून. वय झालं, नजर गेली, असं मी धरून चाललो होतो. दिवाळीनंतर त्याला पॅकिंगला बसवायचं हे मी ठरवून टाकलं होतं. त्यालाही ते कळलं होतं.

सदानं टोपी काढली आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, "भोक मोठं पडलं आप्पा. माझंच काय तर चुकत असंल."

मी पीस उचलला आणि माझा गेज लावून दाखवला. हा गेज म्हणजे दोन टोकांची पोलादी दांडी. एक टोक भोकात जायला हवं, दुसरं जाता कामा नये. दुसरं गेलं तर भोक मोठं, पीस बाद. माझ्या हातात दुसरं टोक अलगद आत गेलं.

"बघा," मी म्हणालो.

रेहानानं हात पुढे केला. गेज घेतला, खिडकीकडे धरला. गेजच्या मुठीला अजून दसऱ्याचं हळदकुंकू होतं. पर्समधून स्वतःचा मायक्रोमीटर काढला. आधी गेज मोजला, मग सदाचा एक पीस फिरवून फिरवून बघितला. आणि मग ते वाक्य बोलली.

मला राग लवकर येतो. तेव्हा फारच लवकर यायचा.

"एकवीस वर्षं ह्याच गेजवर माल जातोय. एक पीस परत आलेला नाही! आणि तुम्ही पर्समधला मायक्रोमीटर काढून मला शिकवताय?"

तिनं मान खाली घातली नाही, वरही केली नाही. नुसती थांबली.

शालन म्हणाली, "चहा घेऊ या का आत बसून?"

ऑफिसात तिघं बसलो. शालननं चहा दिला. नेहमीसारखा, अर्धा चमचा साखरेचा. मी म्हटलं, "आणखी घाल की जरा." तिनं ऐकलं नाही. ती कधीच ऐकायची नाही. मी तणतणतच प्यायलो. रेहाना तिचा कप दोन्ही हातांत धरून बसली होती. बाहेर माणसं घरी निघाल्याचा आवाज येत होता.

माझा कप रिकामा झाला, मी खाली ठेवला. तेव्हा ती त्याच आवाजात म्हणाली,

"सर, गेज चुकीचा आहे. जाऊ नये ते टोक बारीक झालंय. बरोबर भोकातसुद्धा जातंय. त्या काकांची चूक नाही."

"पोलाद आहे ते. असं कसं बारीक होईल?"

"फार चकचकीत आहे सर. सहा वर्षांत इतका चकचकीत गेज मी बघितला नाही. ह्याला घासतं कोण?"

शालन एकदम हसायला लागली. तोंडाला पदर लावून हसली.

"अगं, दर खंडेनवमीला हेच घासतात! झिरो नंबरचा पॉलिश पेपर घेऊन तासभर बसतात. देव परवडला, पण ह्यांचा गेज!"

"आमचे आजोबा बाजारात धार लावायला बसायचे," रेहाना म्हणाली. "ते म्हणायचे, शिकलगाराचा हात लागला की सुरी केसभर कमी होऊन घरी जाते. चमकतं तिथनं लोखंड गेलेलं असतं."

मी उठून बाहेर गेलो. तिला 'या' सुद्धा म्हटलं नाही. शालनच तिला कोपऱ्यावरच्या स्टॉपपर्यंत सोडायला गेली. दहा मिनिटांचं काम, परत यायला तिला तास लागला.

"कुठं होतीस?"

"बस उशिरा आली."

घरी आल्यावर मी सांगून टाकलं. "नाडगौडांना फोन करतोय. माणूस तयार आहे, पुणेवाल्यांशी बोलायला चांगला."

शालन स्वयंपाकाला लागली. भाकरी झाल्या, जेवण झालं. हात धुऊन मी खुर्चीत बसलो तेव्हा ती म्हणाली, "शिकलगारबाईंना घ्या."

"का? मला माणसांसमोर खोटं पाडलं म्हणून?"

"मला गेजमधलं काय कळतंय? ती खरी का तुम्ही खरे, मला माहीत नाही. पण नाडगौडांनी तुमचा गेज फ्रेम करायला घेतला आणि हिनं मोजला. एवढंच मला दिसलं."

"लोकांना सांभाळणं म्हणजे मोजमाप नव्हे."

"सदाभाऊंची बाजू कोण बोललं आज? तुम्ही? मी? एवढी माणसं होती तिथं."

तिला उठताना भिंतीला हात लावावा लागला. मी विचारलं तर म्हणाली, पायाला मुंग्या आल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. शालन मिरजेला बहिणीकडे गेली होती. त्या दोन-तीन महिन्यांत ती वरचेवर मिरजेला जायची. मी गेज रुमालात गुंडाळला आणि उद्यमनगरात गेलो. तिथं ओळखीच्या एका वर्कशॉपात मापाची चांगली यंत्रं आहेत. माझ्या कारखान्यातले बाकीचे सगळे गेज दरवर्षी तपासून यायचे. माझा कधी गेला नव्हता. मालकाचा गेज तपासायला पाठवा, असं म्हणणार कोण?

नऊ मायक्रॉन कमी भरला. माणसाच्या केसाचे आठ पदर केले तर त्यातला एक. दोन वर्षांत बाद केलेले सदाचे पीस भंगारात गेले होते. किती बरोबर होते, आता देवालाच ठाऊक. आणि सदा रोज पाच वाजता टोपी काढून म्हणत होता, माझंच काय तर चुकत असंल.

मी तिथल्या बाकावर बराच वेळ बसलो. हातात गेज होता, आणि तो खरंच फार सुंदर चमकत होता.

सोमवारी पाच वाजता माणसं जमली. मी गेज लाल टेबलावर ठेवला. नियम असा की ज्याची चूक त्यानं बोलायचं.

"हा माझा," मी म्हणालो. "नऊ मायक्रॉन कमी आहे. पूजेच्या नादात मीच घासून घालवला. सदाचे पीस बरोबर होते."

सदा गेजकडे बघत राहिला. मग टोपीनं डोळे पुसले आणि म्हणाला, "मग माझी नजर चांगली हाय म्हणायची?"

"चांगली आहे."

"च्यायला! आणि मी चष्म्याला पैसं घालून बसलोय!"

माणसं हसली. दारात शालन उभी होती. ती हसली नाही. माझ्याकडे अशी बघत होती, जसं एखादं काम मनासारखं झाल्यावर बघतात.

रेहाना आठवड्याभरात रुजू झाली. पुणेवाले आले, दोन दिवस तिच्याबरोबर फिरले, काम देऊन गेले. बावीस माणसांची पंचेचाळीस झाली. ती कुणावर आवाज चढवायची नाही. माझ्याशी मात्र रोज एक तरी भांडण व्हायचं, म्हणजे मी भांडायचो. ती थांबायची. बाई हट्टी आहे, असं मी शालनला घरी सांगायचो. शालन म्हणायची, "असू दे की."

शालननं कारखान्यात येणं कमी केलं. कंटाळा आला म्हणाली. हजेरीचं काम रेहानाला शिकवलं, मालाची कागदपत्रं शिकवली. त्या दिवसांत कारखान्यातला चहा बेचव झाला होता. चहावाल्याला मी दोनदा झापलं. "साखर संपली का तुझी?" तो नुसता शिकलगारबाईंच्या केबिनकडे बघायचा.

पौषात शालननं मला सांगितलं. मिरजेला बहीण होती हे खरं, पण ती बहिणीकडे जात नव्हती. दवाखान्यात जायची. दसऱ्याच्या आधीच कळलं होतं तिला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही पुण्याचं काम सोडलं असतं. माझ्याजवळ बसून राहिला असता. मग पुढं काय केलं असतं?"

मी खूप बोललो तिला. फसवलंस म्हणालो. तिनं चहा केला, माझ्या हातात दिला आणि शेजारी बसून राहिली.

चैत्रात ती गेली. पाडवा होऊन आठ दिवस झाले होते.

तेरावा झाल्यावर मी कारखान्यात गेलो. ऑफिसात तिची खुर्ची होती, पाठीला तिनं बांधलेली उशी होती. मला तिथं पाच मिनिटं बसवेना. मी रेहानाला बोलावलं.

"पुण्याला पत्र लिहा. पुढची ऑर्डर घेत नाही म्हणावं. आहे ते संपवू आणि बंद करू."

"नाही सर," ती म्हणाली. "असं करू नये."

"मला विचारू नका! सांगितलं तेवढं करा. कारखाना माझा आहे. कुणासाठी चालवू? सांगा ना, कुणासाठी?"

मी काय काय बोललो, आता आठवत नाही. बाहेर मशिनचे आवाज कमी झाले, म्हणजे माणसांना ऐकू जात असावं. ती थांबली होती. मग दारातून तिनं कुणाला तरी खूण केली. दोन कप आले. ती शालनच्या खुर्चीत बसली नाही, समोर स्टुलावर बसली.

मी चहा प्यायलो. तेरा दिवसांत पहिल्यांदा पूर्ण कप प्यायलो. कप खाली ठेवला.

"सर, असं करू नये," ती म्हणाली. तेच शब्द. तोच आवाज.

मी तिच्याकडे बघितलं. अठ्ठावीस वर्षं माझ्या घरात जे रोज होत होतं, ते माझ्यासमोर पुन्हा झालं होतं आणि मला आत्ता कुठं दिसत होतं. मी ओरडायचो. शालन गप्प बसायची, चहा करायची, कप रिकामा व्हायची वाट बघायची, आणि तेच वाक्य परत म्हणायची. दर वेळी मी ते ऐकायचो आणि मला वाटायचं, निर्णय मी घेतला.

"हे तिनं शिकवलं का तुम्हाला?"

"नाही सर. शिकवलं नाही. विचारलं फक्त."

"कधी?"

"पहिल्या दिवशी. बसस्टॉपवर. म्हणाल्या, चहा संपेस्तोवर का थांबलीस? मी म्हटलं, हातात गरम कप असला की माणसाचं लक्ष कपात असतं. तो ठेवला की मग माणूस ऐकतो." तिनं तिचा कप खाली ठेवला. "तर म्हणाल्या, मला हे कळायला सहा वर्षं लागली गं."

मी खिडकीबाहेर बघत होतो.

"दोन बस सोडल्या आम्ही. तेव्हाच त्यांनी मिरजेचं सांगितलं. कुणाला सांगू नको म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, मला कारखाना सांभाळायला बोलावलंय ना? तर म्हणाल्या, कारखाना काय, शिकलं की कुणीही चालवंल. ह्यांना कोण थांबवणार?"

म्हणजे तिनं मला सांगायच्या तीन महिने आधी हिला सांगितलं होतं. एकदा भेटलेल्या मुलीला. आणि ही मुलगी माझी रोजची भांडणं सोसत, ते पोटात ठेवून, माझ्याबरोबर उभी राहिली होती. मला राग यायला हवा होता. आला नाही.

"आणखी काय म्हणाली?"

रेहानाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हसली.

"म्हणाल्या, साखर अर्धाच चमचा. ते मागतील, घालू नको."

मी कपाकडे बघितलं. तळाला थोडा चहा राहिला होता. बाहेर सदाचं मशीन परत सुरू झालं, त्याचा आवाज मी ओळखतो.

"पुण्याचं पत्र राहू द्या," मी म्हणालो. "आणि अजून एक कप सांगा."

"साखर?"

"अर्धा चमचा."